कॉन्फरन्स टूर्नामेंट कोण जिंकणार? एक नाव नको, टक्के सांगा

या भागात आकडे जरा जास्त आहेत, आणि आकडे नुसते कानाने ऐकले की डोक्यात टिकत नाहीत. म्हणून हा भाग लिहूनही देतोय. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचलात तरी चालेल. बास्केटबॉलचे नियम माहीत नसले तरी अडणार नाही, गुणाकार येत असला की बास.

विषय असा, की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची कॉन्फरन्स टूर्नामेंट कोण जिंकणार हे आधी सांगता येतं का? आणि येत असेल तर नक्की काय सांगता येतं?

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ

अमेरिकेत पहिल्या दर्जाचं कॉलेज बास्केटबॉल खेळणारे साडेतीनशेच्या वर संघ आहेत. ते वेगवेगळ्या गटांत विभागलेले असतात. या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. हिवाळाभर हे संघ आपल्या कॉन्फरन्समधल्या संघांशी खेळतात आणि गुणतक्ता तयार होतो. मग मार्च उजाडला की प्रत्येक कॉन्फरन्सची एक छोटी बाद फेरीची स्पर्धा होते. हरलात की घरी. गुणतक्त्यातल्या क्रमांकावरून संघाला मानांकन मिळतं, त्याला सीड म्हणतात. वरच्या सीडना सुरुवातीच्या फेऱ्या खेळाव्या लागत नाहीत, म्हणजे त्यांना बाय मिळतो.

ही स्पर्धा जिंकणाऱ्याला बक्षीस काय? राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे ज्याला सगळे मार्च मॅडनेस म्हणतात त्यात, थेट प्रवेश. २०२४ मध्ये ६८ पैकी ३२ जागा अशा विजेत्यांना मिळाल्या. उरलेल्या ३६ जागा निवड समितीने भरल्या.

तीन दिवसांत सगळा हंगाम

यात पणाला काय लागलेलं असतं, ते इंडियाना स्टेटच्या उदाहरणावरून कळेल. लॅरी बर्ड ज्या कॉलेजातून पुढे आला तेच हे कॉलेज. २०२४ मध्ये हा संघ मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात पहिला होता. १० मार्चला कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये ते ड्रेककडून ८४-८० असे हरले. चार गुणांचा फरक. आता जागा मिळणार की नाही, हे समितीच्या हातात.

समितीचा निर्णय आठवड्याने, १७ मार्चला होता. त्या आठवड्यात इतर कॉन्फरन्समध्ये काय झालं बघा. एनसी स्टेट, ओरेगन, ड्युकेन, असे कोणाच्या खिजगणतीत नसलेले संघ आपापल्या स्पर्धा जिंकून बसले. त्यांना थेट प्रवेश मिळाला, आणि समितीकडच्या जागा तेवढ्या कमी झाल्या. २८ विजय आणि ६ पराभव अशी कामगिरी असलेला इंडियाना स्टेट बाहेर राहिला. नंतर ते दुय्यम दर्जाच्या एनआयटी स्पर्धेत खेळले, फायनलपर्यंत गेले आणि तिथे सीटन हॉलकडून ७९-७७ असे हरले.

म्हणजे वॉशिंग्टनमधल्या एका सामन्याचा निकाल इंडियानातल्या मुलांचा हंगाम संपवू शकतो. म्हणून या स्पर्धांचा अंदाज बांधायचा तर तो नीट बांधायला हवा. "माझ्या मते अमुक जिंकेल" एवढ्याने भागत नाही.

सगळ्यात बलाढ्य संघ बहुतेक वेळा का हरतो?

आता पहिला गुणाकार. समजा एक संघ इतका जबरदस्त आहे, की समोर कोणीही आलं तरी जिंकायची शक्यता ८० टक्के. अशा संघावर आपण डोळे झाकून बोट ठेवू, बरोबर?

त्याला दोन सामने जिंकायचे असतील तर ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. तीन असतील तर ५१ टक्के. चार असतील तर ४१. पाच असतील तर जेमतेम ३३. प्रत्येक सामन्यात ८० टक्के असलेला संघसुद्धा पाच सामन्यांच्या वाटेवर तीनपैकी दोन वेळा कुठेतरी अडखळतो!

आणि ७५ टक्क्यांचा संघ असेल तर? तीन सामन्यांत ४२ टक्के. म्हणजे स्पर्धेत त्याच्याएवढी शक्यता दुसऱ्या कोणाचीही नसेल, तरीही तो हरण्याची शक्यता जिंकण्यापेक्षा जास्त. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

म्हणूनच पहिला प्रश्न "कोण भारी आहे" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "कोणाला किती सामने जिंकायचे आहेत?" २०२४ च्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पहिले दोन सीड थेट सेमीफायनलला होते, म्हणजे फक्त दोन विजय पुरे. फायनलला पोचले ते हेच दोघे, सेंट मेरीज आणि गोन्झागा. त्याच वर्षी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीमध्ये, १५ संघ होते. पहिल्या चार सीडना तीन सामने जिंकायचे होते, पाच ते नऊ सीडना चार आणि दहा ते पंधरा सीडना पाच, तेही पाच दिवसांत.

हे तुम्हाला आयपीएलमुळे माहीतच आहे. तिथे प्लेऑफमध्ये पहिल्या दोन संघांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते. चारही संघ अगदी सारख्या ताकदीचे मानले, तरी पहिल्या दोघांची शक्यता प्रत्येकी साडेसदतीस टक्के येते आणि खालच्या दोघांची प्रत्येकी साडेबारा. खेळाडू तेच, ताकद तीच, फरक फक्त वाटेचा.

ताकद मोजायची कशी?

गुणतक्ता हे एक माप आहे, पण ते ढोबळ आहे. एक गुणाने जिंकलात काय आणि तीस गुणांनी जिंकलात काय, तक्त्यात दोन्ही सारखंच. कॉलेज बास्केटबॉलमध्ये यापेक्षा बारीक माप लोकप्रिय केलं ते केन पॉमरॉय यांनी. हा माणूस मुळात हवामानशास्त्रज्ञ. नंतर पूर्णवेळ याच आकडेमोडीत शिरला.

कल्पना सोपी आहे. चेंडू एका संघाच्या ताब्यात आला की त्या एका खेपेला पझेशन म्हणतात. एका सामन्यात प्रत्येक संघाला साधारण ७० पझेशन मिळतात. आता १०० पझेशनमागे हा संघ किती गुण करतो आणि किती गुण देतो, ते काढायचं. मग समोरचे संघ तगडे होते की लिंबूटिंबू, सामना घरच्या कोर्टवर होता की परक्या, हे बघून आकडा दुरुस्त करायचा.

समजा एक संघ सरासरी संघापेक्षा १०० पझेशनमागे २० गुणांनी सरस आहे आणि दुसरा १० गुणांनी. फरक १० गुणांचा. पण सामन्यात पझेशन ७०, म्हणून अपेक्षित फरक ७ गुणांचा. सात गुणांनी सरस मानलेला संघ ढोबळमानाने चारपैकी तीन सामने जिंकतो. झाली शक्यता तयार: ७५ टक्के.

घरच्या कोर्टचा फायदा विसरू नका. मोठ्या कॉन्फरन्सच्या स्पर्धा बहुतेक तटस्थ ठिकाणी होतात. पण पेट्रियट लीगसारख्या काही छोट्या कॉन्फरन्समध्ये वरच्या सीडच्या घरीच सामना होतो. तिथे गुणतक्त्यात पहिलं येण्याची किंमत वाढते.

कागदावर करून बघू

आता चार संघांची स्पर्धा घेऊ. अमेरिकेतल्या आयव्ही लीगची स्पर्धा खरंच चारच संघांची असते, त्यामुळे उदाहरण अगदीच हवेतलं नाही. आपले संघ अ, ब, क आणि ड. त्यांना ताकदीचे आकडे देऊ: अ ला ४, ब ला २, क ला २ आणि ड ला १.

नियम एकच. दोन संघ भिडले की आपली ताकद भागिले दोघांच्या ताकदीची बेरीज, ही आपली जिंकायची शक्यता. अ विरुद्ध ड असेल तर ४ भागिले ५, म्हणजे ८० टक्के. अ विरुद्ध ब असेल तर ४ भागिले ६, म्हणजे ६७ टक्के. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं लॉग-फाइव्ह नावाचं सूत्र आहे. ते दिसायला किचकट आहे, पण त्याच्या पोटात हाच हिशोब आहे.

पहिली सेमीफायनल अ विरुद्ध ड, दुसरी ब विरुद्ध क. अ ने आधी ड ला हरवायचं, ८० टक्के. फायनलला ब येवो की क, दोघांची ताकद सारखी, म्हणून ६७ टक्के. गुणाकार केला की अ ची विजेतेपदाची शक्यता येते ५३ टक्के. ब आणि क प्रत्येकी २० टक्के. ड ला ७ टक्के. बेरीज १००. बेरीज नेहमी करून बघा, चूक तिथेच सापडते.

आता संघ तेच ठेवू आणि फक्त जोड्या बदलू. एका बाजूला अ विरुद्ध ब, दुसऱ्या बाजूला क विरुद्ध ड. पुन्हा हिशोब केला की अ उतरतो ४७ टक्क्यांवर. ब होतो १९, क होतो २६, ड होतो ८. गंमत बघा, ब आणि क यांची ताकद अगदी सारखी आहे. तरी क ला सात टक्के जास्त, कारण त्याच्या वाटेत अ उशिरा येतो. म्हणून ब्रॅकेट जाहीर व्हायच्या आधी जो छातीठोकपणे विजेता सांगतो, त्याने अर्धी माहिती न बघताच उत्तर दिलेलं असतं.

चार संघांसाठी कागद पुरतो. एसीसीच्या १५ संघांसाठी १४ सामने होतात. बाद फेरीत प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो, म्हणून सामने संघांपेक्षा एकाने कमी. १४ सामन्यांचे निकाल १६,३८४ प्रकारे लागू शकतात. एवढं हाताने कोण करणार? म्हणून मोबाइलवरच्या स्प्रेडशीटला सांगायचं, की प्रत्येक सामन्यासाठी शून्य ते एकमधला एक आकडा काढ. तो शक्यतेपेक्षा कमी आला की आपला संघ जिंकला. अशी अख्खी स्पर्धा दहा हजार वेळा खेळवायची आणि कोण किती वेळा जिंकला ते मोजायचं. बरेच तज्ज्ञ मुळात हेच करतात.

एनसी स्टेटचे पाच दिवस

आता खरी परीक्षा. मार्च २०२४, वॉशिंग्टन, एसीसीची स्पर्धा. एनसी स्टेट, म्हणजे रॅलीमधली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी. तुमच्या ओळखीतलं कोणीतरी तिथे एमएस करायला गेलेलं असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे! संघ दहावा सीड. १७ विजय, १४ पराभव, आणि नियमित हंगामातले शेवटचे चारही सामने हरलेले.

त्यांना पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे होते. मी त्यांच्या शक्यता ढोबळमानाने अशा धरतो: लुईव्हिलविरुद्ध ६५ टक्के, सिरॅक्यूसविरुद्ध ४५, ड्यूकविरुद्ध २०, व्हर्जिनियाविरुद्ध ३५, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध २०. हे आकडे माझे आहेत, तुम्ही थोडे वरखाली करा. गुणाकार येतो ०.४ टक्के. साधारण अडीचशेत एकदा.

मंगळवारी लुईव्हिलला ९४-८५ असं हरवलं. शक्यता ०.६ टक्के. बुधवारी सिरॅक्यूसला ८३-६५. शक्यता १.४ टक्के. गुरुवारी ड्यूकला ७४-६९. शक्यता एकदम ७ टक्के.

शुक्रवारी सेमीफायनलला व्हर्जिनिया. शेवटचे काही सेकंद उरलेले आणि व्हर्जिनिया ३ गुणांनी पुढे. त्यांच्या खेळाडूला फ्री थ्रो मिळाला. तो पडला असता तर विषय संपला होता. चुकला. चेंडू एनसी स्टेटच्या मायकल ओ'कॉनेलकडे गेला, त्याने लांबून तीन गुणांचा फटका मारला, चेंडू बोर्डावर आपटून बास्केटमध्ये आणि घड्याळ शून्यावर. ५८-५८. ओव्हरटाइममध्ये एनसी स्टेटने सामना ७३-६५ असा जिंकला. शनिवारी फायनलला पहिला सीड नॉर्थ कॅरोलायना, त्यांना ८४-७६ असं हरवलं. १९८७ नंतर पहिल्यांदा विजेतेपद, आणि एसीसीमध्ये पाच दिवसांत पाच सामने जिंकणारा पहिलाच संघ. पुढे राष्ट्रीय स्पर्धेतही हा संघ थेट फायनल फोरपर्यंत गेला आणि तिथे पर्ड्यूकडून हरला.

मग ०.४ टक्के हा आकडा खोटा ठरला का? नाही. अडीचशेत एकदा म्हणजे कधीच नाही असं नसतं. दरवर्षी तीसच्या वर कॉन्फरन्स स्पर्धा होतात आणि प्रत्येकीत असे चार-सहा संघ असतात. अमुकच संघ असा धुमाकूळ घालेल हे सांगणं अवघड. पण दरवर्षी एवढे संघ नशीब आजमावत असले, की काही वर्षांच्या अंतराने कोणीतरी तो घालणारच. याआधी २०११ मध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये नवव्या सीडच्या कनेक्टिकटने हेच केलं होतं. केम्बा वॉकरने पाच दिवसांत १३० गुण केले, आणि पुढे तो संघ राष्ट्रीय विजेताही झाला.

हिशोबाला काय दिसत नाही?

दोन गोष्टी. पहिली, दमछाक. आपला गुणाकार मंगळवारचा संघ आणि शनिवारचा संघ एकच धरतो. पाचव्या दिवशीचे पाय मात्र वेगळे असतात.

दुसरी, दुखापत. २०२५ मध्ये ड्यूकचा कूपर फ्लॅग एसीसीच्या क्वार्टरफायनलमध्ये घोटा मुरगळून बाहेर गेला. संघातला सगळ्यात मोठा खेळाडू. त्या क्षणी ड्यूकची शक्यता कमी करणं अगदी बरोबर होतं. तरीही ड्यूकने त्याच्याशिवाय नॉर्थ कॅरोलायनाला ७४-७१ आणि फायनलमध्ये लुईव्हिलला ७३-६२ असं हरवलं. निकाल उलटा लागला म्हणून अंदाज चुकीचा होता असं होत नाही. त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीवर तो बरोबर होता का, एवढंच बघायचं.

मग अंदाज चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं?

इथे पुन्हा हवामानखातं आठवा. "पावसाची शक्यता ७० टक्के" म्हटल्यावर पाऊस पडला नाही की आपण लगेच त्यांना हसतो. पण ज्या दहा दिवशी त्यांनी ७० म्हटलं, त्यातल्या साधारण सात दिवशी पाऊस पडला, तर ते बरोबर आहेत. एका दिवसावरून ते कळतच नाही.

याचं माप १९५० मध्ये ग्लेन ब्रायर यांनी मांडलं. तेही हवामानशास्त्रज्ञच! हिशोब असा: घडलं तर १, नाही घडलं तर ०. त्यातून तुमची शक्यता वजा करा आणि उत्तराचा वर्ग करा. ७० टक्के म्हणालात आणि घडलं, तर दंड ०.०९. नाही घडलं तर ०.४९. "शंभर टक्के, लिहून घ्या" म्हणालात आणि नाही घडलं, तर दंड पूर्ण १. प्रत्येक वेळी ५०-५० म्हणून अंग चोरलंत, तर दर वेळी ०.२५. सगळ्या सामन्यांची सरासरी काढा. जितकी कमी तितकं चांगलं. फुशारकी आणि भित्रेपणा, दोन्ही यात पकडले जातात.

हे मी इतकं का सांगतोय? कारण तुमच्या मोबाइलवर "पक्की टीप" विकणारे येतातच. आपल्याकडे २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा झाला, तरी खात्रीचा निकाल विकत मिळतो हा समज काही कायद्याने जात नाही. त्यांची युक्ती ऐका. ८०० जणांना मेसेज पाठवायचा. ४०० जणांना सांगायचं अ जिंकेल, ४०० जणांना ब जिंकेल. ज्यांना बरोबर सांगितलं त्या ४०० चे पुन्हा दोन भाग. मग २०० चे दोन भाग. तीन सामन्यांनंतर १०० माणसं अशी उरतात, ज्यांच्यासाठी हा टीपवाला तीनपैकी तीन बरोबर आहे. त्याला बास्केटबॉल येत नसला तरी चालतं. आणि ते १०० जण चौथ्या टीपसाठी पैसे मोजायला तयार असतात.

त्यामुळे कोणीही भाकीत केलं की तीन गोष्टी मागा. एक, नाव नको, टक्के दे. दोन, ते सामन्याच्या आधी लिहिलेलं दाखव. तीन, चुकलेले अंदाजही दाखव. ज्याच्याकडे चुकलेले अंदाजच नाहीत, त्याच्यापासून लांब राहा.

येत्या मार्चमध्ये एक छोटी कॉन्फरन्स निवडा, चार किंवा आठ संघांची. पहिला सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येक संघापुढे टक्के लिहा, बेरीज १०० येते का बघा, आणि मला पाठवा. स्पर्धा संपली की ब्रायरच्या मापाने सगळ्यांचा हिशोब एका भागात मांडू. माझाही त्यात असेल. भेटू पुढच्या भागात!